बालकांची बीसीजी लस थांबवावी काय? शिरूर-दौंडचा हिशेब

शिरूर वा दौंड तालुक्यातील कोणत्याही तरुणाने आपल्या डाव्या दंडाकडे पाहिले, तर खांद्याच्या थोडे खाली एक लहानसा खळगा त्यास बहुधा आढळेल. तो बीसीजीचा व्रण होय. घरातील वडीलधाऱ्यांच्या अंगावर याखेरीज देवीच्या लसीचेही व्रण असतात. यांपैकी देवीची लस आता इतिहासजमा झाली आहे. जगातून देवी रोगाचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली जाहीर केले आणि त्यानंतरच्या पिढीच्या अंगावर तो व्रण उमटलाच नाही. मग बीसीजीचा व्रण अजून का उमटावा, असा प्रश्न अधूनमधून कानी येतो. तो विचारणारे अडाणी नसतात. मुलगा वा सून परदेशी नोकरीस असलेल्या घरांतून तो येतो, वृत्तपत्रे वाचणाऱ्या पालकांकडून येतो. ‘स्वीडनमध्ये ही लस सरसकट देत नाहीत, अमेरिकेत तर ती कधीच सर्वांना दिली गेली नाही, आमच्याच बाळाला जन्मतः ही टोचणी कशासाठी?’ असे त्यांचे म्हणणे असते.

प्रश्न रास्त आहे. ‘शासनाचा नियम आहे’ एवढेच उत्तर त्यास पुरेसे नाही. काही देशांनी अर्भकांची सरसकट बीसीजी बंद केली ही गोष्ट खरी आहे, आणि ती त्यांनी विचारपूर्वक बंद केली हेही खरे आहे. त्यांनी कोणता हिशेब मांडला आणि तोच हिशेब घोड आणि भीमा यांच्या काठी मांडला तर उत्तर काय येते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

प्रथम या लसीविषयी थोडेसे. फ्रान्समधील कालमेत आणि गेराँ या दोन शास्त्रज्ञांनी १९०८ ते १९२१ या काळात गाईच्या क्षयाचा जंतू बटाटा, ग्लिसरीन व पित्त यांच्या माध्यमावर २३० वेळा पुनःपुन्हा वाढवून निस्तेज केला. रोग निर्माण करण्याची शक्ती त्यात उरली नाही, परंतु शरीरास त्या रोगाची ओळख करून देण्याचा गुण मात्र राहिला. बीसीजी या अद्याक्षरांत त्या दोघांची नावे आहेत. १९२१ साली पॅरिसमध्ये ती प्रथम एका अर्भकास देण्यात आली. भारतात १९४८ साली मद्रासजवळील गिंडी येथे या लसीची प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९५१ पासून देशभर मोहीम निघाली. १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रमात व १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात तिला स्थान मिळाले. आज ती पुण्याच्या हडपसर परिसरातील सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते आणि तेथून जगातील अनेक देशांत जाते. शिरूरहून पुण्यास जाणाऱ्या माणसाला हे ठिकाण काही फार दूरचे नव्हे.

या लसीविषयीचा एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे, कारण पुढचा सारा हिशेब त्यावर अवलंबून आहे. तामिळनाडूतील चिंगलपुट जिल्ह्यात १९६८ पासून एक फार मोठी चाचणी घेण्यात आली. सुमारे २ लाख ८१ हजार लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे विभागून काहींना बीसीजी व काहींना नुसतेच निरुपद्रवी द्रावण टोचण्यात आले आणि १५ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून बीसीजीने संरक्षण मिळाल्याचे तेथे दिसून आले नाही. १९७९ च्या सुमारास पहिले निष्कर्ष बाहेर येताच ‘बीसीजी निरुपयोगी ठरली’ अशी हाकाटी झाली. वस्तुतः त्या चाचणीने एका प्रश्नाचे उत्तर दिले होते, दुसऱ्याचे नव्हे. लहान बालकांना होणारे क्षयाचे दोन अत्यंत घातक प्रकार आहेत. एक मेंदूच्या आवरणाचा क्षय, आणि दुसरा रक्तावाटे सर्व अवयवांत बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक गाठी पसरविणारा क्षय. या दोहोंपासून बीसीजी चांगले संरक्षण देते. निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा, की लस घेतलेल्या बालकांत या प्रकारांचे प्रमाण सुमारे तीनचतुर्थांशाने घटते.

म्हणजेच बीसीजी ही रोगाची साखळी तोडणारी लस नव्हे. खोकणाऱ्या प्रौढापासून दुसऱ्या प्रौढाकडे जाणारा जंतू ती अडवीत नाही. ती फक्त पाळण्यातल्या बाळाच्या डोक्यावर छत्र धरते. पाऊस थांबविणे हे छत्रीचे काम नाही. पण पाऊस पडत असताना छत्री मिटावी काय, हा खरा प्रश्न आहे.

ज्यांनी लस थांबविली त्यांचा हिशेब

स्वीडनने एप्रिल १९७५ मध्ये नवजात बालकांची सरसकट बीसीजी बंद केली. तोपर्यंत तेथील मुलांतील क्षय इतका विरळ झाला होता, की हजारो बालकांना टोचूनही एखादा रोगी वाचविल्याचे समाधान मिळणे कठीण झाले होते. दुसरीकडे, लस टोचलेल्या काही बालकांच्या हाडांत त्याच जंतूमुळे दाह झाल्याची उदाहरणे वाढली होती. लाभ शून्याकडे चालला आणि अपाय मात्र जागेवर राहिला, तेव्हा तराजूचे पारडे फिरले. पुढे जर्मनीने १९९८ मध्ये, फिनलंडने २००६ मध्ये आणि चेक प्रजासत्ताकाने २०१० मध्ये हाच मार्ग धरला. फ्रान्सने २००७ मध्ये सक्ती उठविली. ब्रिटनमध्ये १९५३ पासून शाळकरी मुलांना ही लस देत; ती पद्धत २००५ मध्ये बंद झाली.

या देशांतील क्षय बीसीजीमुळे हटला असे मात्र समजू नये. नेदरलँड्स व अमेरिका यांनी ती सर्वांना कधीच दिली नाही, तरी तेथेही रोग ओसरला. मोकळी घरे, पुरेसे अन्न, उकळलेले दूध, रोग्यांचा शोध व औषधोपचार यांचे ते फळ होते. लस थांबविता येणे हे त्या यशाचे फळ आहे, कारण नव्हे. आपल्याकडील चर्चेत ही गोष्ट हटकून उलटी मांडली जाते.

लस केव्हा थांबवावी याविषयी क्षयरोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाने १९९४ साली काही मापे ठरवून दिली. देशात रोग्यांची नोंद चोख होत असली पाहिजे ही पूर्वअट. त्यानंतर पुढील तीनपैकी एक तरी माप पुरे व्हावे : थुंकीत जंतू आढळणाऱ्या फुप्फुस-क्षयाच्या नव्या रोग्यांचे तीन वर्षांचे सरासरी प्रमाण वर्षाला लाखामागे ५ किंवा त्याहून कमी असावे, अथवा पाच वर्षांखालील बालकांतील मेंदूच्या आवरणाच्या क्षयाचे रोगी पाच वर्षांच्या सरासरीने एक कोटी लोकसंख्येमागे वर्षाला एकाहूनही कमी असावेत, अथवा एका वर्षात क्षयाचा नव्याने संसर्ग होण्याचा धोका हजारी एक किंवा त्याहून कमी असावा.

हे आकडे कोरडे वाटतात. ते आपल्या गावच्या मापाने मोजून पाहू.

तोच हिशेब आपल्या अंगणात

२०११ च्या जनगणनेनुसार शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी पावणेचार लाखांहून अधिक होती. हिशेबाच्या सोयीसाठी दोन्ही मिळून साडेसात लाख धरू. प्रत्यक्षात आज ती त्याहून अधिकच असणार. पहिल्या मापानुसार या दोन तालुक्यांत मिळून वर्षाला थुंकीत जंतू असलेले फार तर ३७ रोगी निघावेत. तीन हजार वस्तीच्या गावात असा रोगी सहा-सात वर्षांतून एकदाच सापडावा. दुसऱ्या मापानुसार मेंदूच्या आवरणाचा क्षय झालेले एखादे बालक दोन्ही तालुक्यांत मिळून तेरा वर्षांतून एकदा आढळावे.

आता भारताची स्थिती पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार देशात क्षयाच्या नव्या रोग्यांचे प्रमाण २०१५ मध्ये लाखामागे २३७ होते, ते २०२३ मध्ये १९५ वर आले. ही घट सुमारे १८ टक्क्यांची असून ती जागतिक सरासरीपेक्षा अधिक आहे. तथापि १९५ हा आकडा सर्व प्रकारच्या क्षयाचा असला, आणि त्यातील निम्मेच रोगी थुंकीतून जंतू पसरविणारे धरले, तरी तो मापाच्या जवळपास वीसपट भरतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात क्षयाच्या संसर्गाची खूण आढळली. यांतील बहुतेकांना रोग कधीच होत नाही. पण जंतूचा वावर किती सर्वदूर आहे हे त्यावरून कळते.

तिसरे माप शिक्षकबंधूंना व भगिनींना अधिक जवळचे वाटेल. २००० ते २००३ मध्ये देशभर मुलांची चाचणी घेऊन काढलेला नव्या संसर्गाचा वार्षिक धोका दीड टक्का, म्हणजे हजारी पंधरा, होता. त्या प्रमाणाने पहिलीच्या वर्गात नाव घालण्यास आलेल्या ३५ मुलांपैकी तिघांना क्षयाच्या जंतूचा संसर्ग आधीच होऊन गेलेला असतो. लस थांबविण्यास योग्य अशा देशात तोच वर्ग घेतला, तर असे एक मूल शोधण्यासाठी जवळजवळ पाच वर्ग धुंडाळावे लागतील. गेल्या वीस वर्षांत आपला धोका कमी झाला आहे, यात शंका नाही. पण हजारी पंधरावरून हजारी एकवर येण्यास अजून पुष्कळ वाट चालावयाची आहे.

लाभ आणि अपाय यांची तुलनाही करून पाहू. बीसीजीच्या जागतिक परिणामाचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. जगभरची सरासरी काढता, सुमारे ३,४०० बालकांना लस टोचली की मेंदूच्या आवरणाचा एक क्षय टळतो, आणि सुमारे ९,३०० बालकांमागे दुसऱ्या घातक प्रकाराचा एक रोगी टळतो, असा त्याचा निष्कर्ष होता. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी सुमारे १५ धरला, तर या दोन तालुक्यांत वर्षाला ११ हजारांहून अधिक बालके जन्माला येतात. म्हणजे त्या सरासरीने दरवर्षी तीन बालके मेंदूच्या क्षयातून आणि एक बालक दुसऱ्या प्रकारातून वाचते. आता अपाय. लसीचा जंतू सर्व शरीरात पसरून गंभीर आजार होण्याचे प्रमाण दहा लाखांमागे पाचांहून कमी आहे. म्हणजे याच दोन तालुक्यांत तसे एखादे बालक अठरा वर्षांतूनही एकदा आढळणार नाही.

हा ढोबळ हिशेब आहे आणि जागतिक सरासरी गावोगाव जशीच्या तशी लागू पडत नाही, हे मान्य. पण वर्षाला चार आणि अठरा वर्षांत एक, यातील अंतर इतके मोठे आहे की त्याने पारडे हलावयाचे नाही. ज्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मेंदूच्या क्षयाचे बालक एकदा जरी पाहिले असेल, त्यांना या चार या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आठ-पंधरा दिवस किरकिर, बारीक ताप, मूल खेळत नाही, मग ओकाऱ्या, मग झापड. आई-वडील बाळाला घेऊन निघतात तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो. वाचलेल्या मुलांपैकी काहींना बहिरेपण, फेफरे अथवा मतिमंदता जन्मभर पुरते.

‘आमच्या घराला धोका नाही’

सरासरी ठीक, पण तालुक्यातील सुस्थित घरे वेगळी काढता येणार नाहीत काय, असे कोणी विचारील. बंगल्यात राहणाऱ्या, चांगले खाणाऱ्या, घरात कोणी खोकणारे नसलेल्या कुटुंबातील बाळास ही लस का द्यावी? परदेशांतही सरसकट लस बंद करून केवळ जोखमीच्या घरांतील बाळांना ती देतातच ना?

या सूचनेत दोन अडचणी आहेत. पहिली अशी, की हा जंतू हवेतून जातो. एस.टी. स्थानकावर, दौंड जंक्शनच्या फलाटावर, आठवडे बाजारात, दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या मांडवात हवा एकच असते. सातबारा पाहून जंतू कोणाच्या घरी जात नाही. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, शिक्रापूर-सणसवाडीच्या पट्ट्यात आणि कुरकुंभला राज्यातील आणि राज्याबाहेरील कामगार आले आहेत. एकेका भाड्याच्या खोलीत अनेक जण पाळीपाळीने झोपतात. त्यांना रोगाचे आगर म्हणणे अन्यायाचे होईल. ते ज्या दाटीत राहतात ती दाटी रोगाला पोसते, आणि ती दाटी त्यांनी निवडलेली नाही. पण त्याच खोल्यांचे मालक, दुकानदार, खानावळवाले आणि त्यांची नातवंडे हे सर्व एकाच वस्तीचे रहिवासी आहेत. धोका नसलेले लोक येथे वेगळे राहत नाहीत.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. निवडक लसीकरण यशस्वी होण्यासाठी जोखमीचे बाळ जन्मताच ओळखता आले पाहिजे. आपल्याकडे ज्या बाळाला सर्वांत अधिक धोका, तेच बाळ बहुधा कोणत्याच यादीत नसते. दौंड तालुक्यात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की मराठवाड्यातून आणि अन्य भागांतून कोयते येतात. फडाच्या कडेला कोप्या पडतात. त्या मुक्कामात एखादी स्त्री बाळंत होते. तिचे नाव गावाकडच्या अंगणवाडीत असते, बाळ इकडे असते, आणि हंगाम संपताच दोघेही निघून जातात. गुऱ्हाळांवर व वीटभट्ट्यांवर काम करणाऱ्या कुटुंबांचीही हीच कथा. सर्वांना लस देण्याचा नियम असताना हे बाळ सुटण्याची भीती असते. ‘फक्त जोखमीच्यांना’ असा नियम झाला, तर ते सुटलेच असे समजावे. कारण तेव्हा त्याची जोखीम कोणी तरी ओळखून कागदावर मांडावी लागेल, आणि तो कोणी तरी कोण, हे कोणालाच ठाऊक नसेल.

शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या केईएम रुग्णालयाने ग्रामीण आरोग्याचे काम १९७० च्या दशकात उभे केले. तेथे २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत जन्म, मृत्यू आणि येणारी-जाणारी माणसे यांची घरोघर नियमित नोंद ठेवण्यात येऊ लागली. कोण आले, कोण गेले, कोणाकडे बाळ जन्मले हे माहीत असणे म्हणजे काय, ते अशा नोंदींवरून समजते. निवडक लसीकरणाकडे जाणाऱ्या प्रत्येक तालुक्याला असे बारकाईचे ज्ञान प्रत्येक गावाबद्दल हवे. आपल्याकडे ते २२ गावांपुरते एका संस्थेने जमविले, यातच पुढच्या कामाचा आवाका आला.

लंडनमधील नातू

आता परदेशातील मुलाच्या पत्राकडे, म्हणजे आजच्या भाषेत त्याच्या दूरध्वनीकडे, वळू. ‘इकडे ही लस देत नाहीत’ असे तो ब्रिटनमधून सांगतो. त्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ब्रिटनने सरसकट लस बंद केली, परंतु निवडक लस चालू ठेवली आहे. ज्या बाळाचे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणीही लाखामागे ४० किंवा त्याहून अधिक क्षयरोगी असलेल्या देशात जन्मले असेल, त्या बाळाला तेथे बीसीजी देण्याची शिफारस आहे. भारत त्या देशांत मोडतो. म्हणजे शिरूरच्या आजी-आजोबांचा लंडनमध्ये जन्मलेला नातू, त्याने भारताची भूमी पाहिली नसली तरी, ज्यांना ही लस द्यावी असे ब्रिटनला वाटते त्या बाळांपैकीच एक आहे. कारण सरळ आहे. उद्या आजी त्याला पाहण्यास विमानाने जाईल, परवा तोच सुटीत गावी येईल.

ज्या देशाचा दाखला लस नको म्हणून दिला जातो, तो देश आपल्याच नातवाला शोधून लस टोचतो. पालकांशी बोलताना आशा कार्यकर्तीने किंवा शिक्षकाने ही एक गोष्ट सांगितली, तर आकड्यांचे निम्मे काम वाचेल.

लस थांबविणाऱ्या देशांनाही सर्व काही सुखाचे गेले नाही. स्वीडनमध्ये व चेक प्रदेशात लस बंद झाल्यावर लहान मुलांच्या मानेत क्षयाच्या नात्यातल्या दुसऱ्या जंतूंमुळे गाठी होण्याचे प्रमाण वाढले. बीसीजी त्यांनाही आवर घालीत होती, हे तेव्हा कळले. फ्रान्समध्ये सक्ती उठताच ज्यांना लस अवश्य द्यावयाची अशा बाळांतही काही भागांत लसीकरण घसरले. तरीही त्यांचा निर्णय त्यांच्या परिस्थितीत योग्यच होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आपण त्यांचा निर्णय उचलू नये. त्यांची हिशेब करण्याची पद्धत उचलावी.

क्षयमुक्त पंचायत आणि बीसीजी

पंचायत सदस्यांच्या मनात आणखी एक गोंधळ होण्याचा संभव आहे. मार्च २०२३ पासून देशात क्षयमुक्त पंचायत हा उपक्रम सुरू झाला. हजार लोकसंख्येमागे वर्षाला किमान ३० संशयितांची तपासणी, हजारी एकाहून अधिक रोगी नसणे, उपचार पूर्ण होऊन बरे होणाऱ्यांचे प्रमाण किमान ८५ टक्के, रोग्यांना पोषणासाठीचे साहाय्य पोहोचणे, अशा कसोट्या लावून पंचायतींचा गौरव होतो. उपक्रम चांगला आहे. पण ‘आमचे गाव क्षयमुक्त जाहीर झाले, आता बीसीजी कशाला’ असा अर्थ त्यातून काढू नये. हजारी एक म्हणजे लाखामागे शंभर. हा आकडा क्षयमुक्तीच्या मार्गावरील उत्तेजनाचा आहे. लस थांबविण्याच्या मापाहून तो कितीतरी पटींनी मोठा आहे. शब्द एकच वाटला तरी दोन्ही मापे निराळी आहेत. फलक लावताना कोणी हे लक्षात घेत नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही.

टोचणीविषयी थोडे

लस बाळाच्या जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, बहुधा प्रसूतीच्या ठिकाणीच, डाव्या दंडावर कातडीच्या थरात टोचतात. जन्मतः राहिली तर एक वर्षापर्यंत देता येते. पहिल्या महिन्यात मात्रा अर्धी, म्हणजे ०.०५ मिलिलिटर, असते. दोन-तीन आठवड्यांनी तेथे बारीक गाठ येते, ती फुटते, थोडे पाणी वा पू येतो आणि काही आठवड्यांत व्रण उरतो. हे लस लागू पडल्याचे लक्षण आहे. त्यावर हळद, तेल, चुना अथवा मलम लावू नये, कोरडे ठेवावे. व्रण उमटला नाही म्हणून पुन्हा टोचण्याची गरज नाही. काखेत मोठी गाठ झाली किंवा ती फुटली, तर मात्र वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावे. ज्या बाळाची रोगप्रतिकारशक्ती जन्मतःच नाही, किंवा एचआयव्ही संसर्गामुळे ज्यास लक्षणे दिसत आहेत, त्यास ही जिवंत जंतूंची लस देत नाहीत. एखाद्या घरात यापूर्वी तान्ही मुले जंतुसंसर्गाने एकामागून एक दगावली असतील, तर ती गोष्ट आरोग्यसेविकेला आधी सांगावी. इंग्लंडने २०२१ पासून याच कारणासाठी बीसीजी २८ दिवसांनंतर देण्याचे ठरविले, जेणेकरून जन्मजात दोषाची तपासणी आधी व्हावी. आपल्याकडे धोका अधिक असल्याने वाट पाहणे महाग पडेल.

एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. या लसीच्या कुपीत अनेक मात्रा असतात आणि द्रावण तयार केल्यावर ती चार तासांत वापरावी लागते. उरलेली टाकून द्यावी लागते. त्यामुळे ‘चार-पाच बाळे जमू द्या, मग कुपी फोडू’ असे कोठे कोठे होते आणि आई बाळाला घेऊन परत जाते. कोपीवरची आई पुन्हा येतेच असे नाही. वाया जाणाऱ्या मात्रांचे मोल काही रुपयांचे आहे. एका बाळासाठी कुपी फोडण्यास नियमाची आडकाठी नाही.

मग ही लस कधी थांबेल? पुन्हा ढोबळ हिशेब करू. लाखामागे १९५ वरून साधारण १० वर, म्हणजे जंतू पसरविणारे रोगी ५ वर, आले पाहिजेत. २०१५ ते २०२३ या काळातील घटीचा वेग वर्षाला सरासरी अडीच टक्क्यांच्या आत-बाहेर होता. त्याच वेगाने गेल्यास १२० वर्षे लागतील. हा वेग वर्षाला दहा टक्क्यांवर नेता आला, तर सुमारे २८ वर्षे पुरतील. म्हणजे आज दौंडच्या सरकारी रुग्णालयात जन्मणारी मुलगी स्वतः आई होण्याच्या वयात येईल तेव्हा. तेव्हाही तो निर्णय सर्व देशासाठी एकदम होईल असे नाही. जेथे नोंदी चोख आणि रोग विरळ, तेथे प्रथम विचार होईल.

हा वेग बीसीजीने वाढणार नाही, हे चिंगलपुटने शिकविलेच आहे. तो वाढतो तो खोकणारा प्रौढ रोगी लवकर सापडल्याने, त्याचे औषध पुरे झाल्याने, आणि त्याच्या घरातील पाच वर्षांखालील मुलांना प्रतिबंधक गोळ्या मिळाल्याने. रोग्याच्या आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले आहेत. ते त्याच्या खात्यात पोहोचले की नाही, हे पंचायतीला सहज विचारता येते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटलेले वजन असलेल्या माणसाला थुंकी तपासण्यास पाठविणे हेही गावाच्याच हातचे काम आहे. क्षयमुक्त पंचायतीच्या मापाने तीन हजार वस्तीच्या गावात वर्षाला अशा ९० तपासण्या व्हावयास हव्यात, म्हणजे महिन्याला सात-आठ. ग्रामसभेच्या कार्यवृत्तात दर तिमाहीला हा एक आकडा लिहिण्यास जागा ठेवावी, आणि गाळप हंगामात फडावरच्या कोप्यांतील बाळांची यादी त्यासोबतच जोडावी.